न परतलेल्या विमानांचा हिशेब मांडणारा माणूस : अब्राहम वाल्ड

एमपीएससीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती सगळीकडे दिसतात. रोज चौदा तास अभ्यास, मोबाइलला सुट्टी, पहाटे चारला उठणं. गावाकडून पुण्यात येऊन अभ्यासिकेत बसलेली मुलं या मुलाखती मन लावून ऐकतात आणि वेळापत्रक भिंतीवर चिकटवतात. पण एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. रोज चौदा तास अभ्यास करून, मोबाइल बंद ठेवून, पहाटे चारला उठून जे नापास झाले, ते किती? त्यांची मुलाखत घ्यायला कुणीही जात नाही.

जे टिकले, जिंकले किंवा परत आले त्यांच्याकडेच पाहून निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात. मराठीत ‘वाचलेल्यांचा भ्रम’ म्हणता येईल. शेअर बाजार, कंपनीची मीटिंग, घरातली चर्चा, कुठेही हा भ्रम भेटतो. तो गणितात पकडून दाखवणाऱ्यांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध नाव आहे अब्राहम वाल्ड. त्यांच्या आयुष्याची गोष्ट युरोपात सुरू होते आणि आपल्या निलगिरीच्या डोंगरात संपते.

शनिवारी शाळेत न जाणारा मुलगा

वाल्ड यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०२ रोजी कोलोझ्वार या शहरात झाला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते रोमानियात गेलं आणि आज क्लुज या नावाने ओळखलं जातं. वडिलांचा बेकरीचा धंदा होता. कुटुंब धर्मनिष्ठ ज्यू होतं.

ज्यू धर्मात शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो आणि तिथल्या शाळा शनिवारीही भरायच्या. त्यामुळे अब्राहम यांना शाळेत न पाठवता घरीच शिकवलं गेलं. पुढे त्यांनी क्लुजच्या विद्यापीठातून पदवी घेतली आणि ते व्हिएन्नाला गेले. तिथे कार्ल मेंगर या गणितज्ञाच्या हाताखाली काम करून १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

पदवी हातात, नोकरी नाही

वाल्ड यांची बुद्धी वादातीत होती. पण ऑस्ट्रियात ज्यूद्वेष वाढत चालला होता आणि ज्यू माणसाला, त्यातही बाहेरून आलेल्याला, विद्यापीठात जागा मिळणं जवळपास अशक्य होतं. मेंगर यांनी मग दुसरा मार्ग काढला. कार्ल श्लेसिंजर नावाचे एक बँकर आणि अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांना गणित शिकायचं होतं, म्हणून वाल्ड त्यांची शिकवणी घेऊ लागले. नंतर ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या व्यापारचक्रांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतही त्यांना काम मिळालं.

पोटासाठी धरलेल्या या वाटेने वाल्ड शुद्ध गणिताकडून अर्थशास्त्राकडे आणि तिथून संख्याशास्त्राकडे वळले. बाजारात सगळ्या वस्तूंची मागणी आणि पुरवठा एकाच वेळी जुळणं गणिताने शक्य आहे का, या प्रश्नावर त्यांनी याच काळात महत्त्वाचे शोधनिबंध लिहिले.

१९३८ : एक निमंत्रण

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. श्लेसिंजर यांनी त्याच वेळी आत्महत्या केली. वाल्ड यांचं संस्थेतलं काम गेलं. मात्र अमेरिकेतल्या कौल्स कमिशन या अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेचं निमंत्रण त्यांच्या हातात होतं. त्याच उन्हाळ्यात ते अमेरिकेला निघाले.

पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे हॅरल्ड हॉटेलिंग हे संख्याशास्त्राचे मोठे प्राध्यापक होते. वाल्ड तिथेच रुळले. १९४१ मध्ये त्यांचं लुसिल यांच्याशी लग्न झालं.

मागे राहिलेलं कुटुंब मात्र वाचलं नाही. १९४० मध्ये त्यांचं गाव पुन्हा हंगेरीच्या ताब्यात गेलं आणि १९४४ मध्ये तिथल्या ज्यूंना गाड्यांत कोंबून ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आलं. वाल्ड यांच्या घरातली जवळपास सगळी माणसं त्यात मारली गेली. एक भाऊ तेवढा वाचला.

संख्याशास्त्रज्ञांची फौज

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञांचा एक गट उभा राहिला. ॲलन वॉलिस त्याचे संचालक होते. हॉटेलिंग होतेच. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे मिल्टन फ्रीडमन आणि जॉर्ज स्टिगलर हेही या गटात होते. लष्कराने प्रश्न पाठवायचे आणि गटाने आकडेमोड करून उत्तर द्यायचं, असं काम चालायचं.

त्यातला एक प्रश्न बॉम्बफेकी विमानांचा होता. जर्मनीवर हल्ला करायला जाणारी विमानं मोठ्या संख्येने पडत होती. उदाहरणार्थ, १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर गेलेल्या सुमारे २९० अमेरिकन विमानांपैकी ६० परतली नाहीत. एका विमानात साधारण दहा माणसं असायची. म्हणजे एका दुपारी सुमारे सहाशे जण बेपत्ता, मृत किंवा कैदी.

विमानाला पोलादी कवच लावता येतं, पण कवचाचं वजन असतं. सगळीकडे लावलं तर विमान जड होतं, इंधन जास्त लागतं, चपळाई जाते. मग कवच नेमकं कुठे लावायचं?

हाताशी माहिती होती ती परत आलेल्या विमानांची. कुठे किती भोकं पडली आहेत, हे मोजता येत होतं. साधं तर्कशास्त्र सांगतं की जिथे भोकं जास्त तिथे कवच लावा. वाल्ड यांनी १९४३ मध्ये लिहिलेल्या टिपणांमधून नेमका उलटा अर्थ निघतो. ही भोकं असूनही ते विमान परत आलं आहे. म्हणजे तिथे मार बसला तरी चालतं! जिथे भोकं अपेक्षेपेक्षा कमी दिसतात, तिथे मार बसलेली विमानं परत आलेलीच नाहीत.

इंटरनेटवर ही गोष्ट फार नाट्यमय पद्धतीने सांगितली जाते. लाल ठिपके असलेलं विमानाचं एक चित्रही सोबत असतं. ते चित्र वाल्ड यांचं नाही, ते खूप नंतर तयार झालं. वाल्ड यांच्या टिपणांत नाट्य नाही, पानोपानी गणित आहे. आणि खरी गंमत त्या गणितातच आहे.

४०० विमानांचं उदाहरण

वाल्ड यांनी पद्धत समजावण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेतलं. समजा ४०० विमानं गेली आणि ३८० परतली. परतलेल्यांपैकी ३२० विमानांना एकही गोळी लागलेली नाही. ३२ विमानांना एक, २० विमानांना दोन, ४ विमानांना तीन, २ विमानांना चार आणि २ विमानांना पाच गोळ्या लागल्या आहेत.

आता न परतलेल्या २० विमानांना किती गोळ्या लागल्या, हे कुणीच मोजू शकत नाही. ती समुद्रात किंवा शत्रूच्या प्रदेशात पडली आहेत. मग हिशेब कसा करायचा?

वाल्ड यांनी काही गोष्टी उघडपणे गृहीत धरल्या. गोळी न लागलेलं विमान परत येतंच, आणि न आलेली सगळी विमानं गोळीमुळेच पडली. म्हणजे ४०० पैकी ८० विमानांना गोळ्या लागल्या. त्यातली ६० परतली, २० नाही. शिवाय सुरुवातीला प्रत्येक गोळीचा धोका सारखाच धरला.

मग त्यांनी प्रश्न असा मांडला : एक गोळी लागूनही विमान वाचण्याची शक्यता किती धरली, तर परतलेल्यांचे आकडे आणि हरवलेल्यांचा आकडा एकमेकांशी जुळतील? उत्तर येतं ८५ टक्के. पडताळून पाहणं सोपं आहे. एक गोळी खाऊन परतलेली ३२ विमानं ही अशा विमानांच्या ८५ टक्के असतील, तर मुळात ती ३७-३८ असणार. दोन गोळ्यांच्या २० विमानांमागे मुळात २७-२८ असणार. तीन, चार आणि पाच गोळ्यांचा हिशेबही असाच केला की एकूण बेरीज बरोबर ८० च्या आसपास येते.

म्हणजे एका गोळीने विमान पडण्याची शक्यता १५ टक्के. पाच गोळ्या लागलेलं विमान परतण्याची शक्यता जेमतेम ४४ टक्के. केवळ तळावर उभी असलेली विमानं पाहणाऱ्याला वाटलं असतं की पाच गोळ्या खाऊनही आपली विमानं सहज परततात.

पुढच्या टप्प्यात त्यांनी विमानाचे भाग वेगळे केले. त्यांच्या उदाहरणात इंजिनाचा भाग विमानाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे २७ टक्के होता. गोळ्या सगळीकडे सारख्या लागत असतील तर परतलेल्या विमानांवरही तेवढ्याच प्रमाणात खुणा इंजिनावर दिसायला हव्यात. दिसत होत्या सुमारे १९ टक्के. विमानाच्या मधल्या धडाचं क्षेत्रफळ सुमारे ३५ टक्के होतं आणि खुणा ३९ टक्के. हिशेब केल्यावर इंजिनावरची एक गोळी विमान पाडण्याची शक्यता ३९ टक्के निघाली, धडावरची फक्त ५ टक्के. जिथे खुणा जास्त दिसत होत्या तो भाग सर्वात सुरक्षित भागांपैकी एक होता.

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. वाल्ड यांनी फक्त उलटा विचार करा, असं सांगितलं नाही. समोर काय दिसायला हवं होतं हे आधी ठरवलं, प्रत्यक्ष काय दिसतंय ते मोजलं, आणि दोन्हींतल्या फरकातून न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधला. जे धरून चाललो ते चुकीचं असेल तर उत्तर किती बदलेल, हेही त्यांनी पुढच्या टिपणांत तपासलं. दिसत नाही म्हणून काहीही कल्पना करायची, हाही एक सापळाच आहे.

थांबायचं कधी?

याच गटात १९४३ मध्ये आणखी एक प्रश्न आला. दारूगोळ्याची चाचणी घ्यायची तर किती नग उडवून पाहायचे, हा आकडा आधीच ठरलेला असायचा. पण अनुभवी अधिकाऱ्याला अर्ध्यातच कळायचं की माल चांगला आहे की वाईट. तरी ठरल्याप्रमाणे उरलेले नग उडवले जायचे. हे वाचवता येईल का? वॉलिस आणि फ्रीडमन यांनी यावर डोकं चालवलं आणि प्रश्न वाल्ड यांच्याकडे नेला. सुरुवातीला वाल्ड फारसे उत्साही नव्हते. पण थोड्याच दिवसांत त्यांना मार्ग सापडला.

त्यांची पद्धत हापूसच्या व्यवहारावरून समजून घेता येईल. तुम्ही शंभर पेट्यांचा माल घेताय. वीस आंबे कापून पाहायचेच, असं ठरवण्याऐवजी दोन रेषा आधी आखून ठेवायच्या. पुरावा एका रेषेपलीकडे गेला की माल घ्यायचा. दुसरीपलीकडे गेला की नाकारायचा. दोन्हींच्या मध्ये असेल तर आणखी एक आंबा कापायचा. पहिले सहाच्या सहा सडके निघाले तर विसाव्यापर्यंत थांबायची गरज नाही.

या पद्धतीने चाचणीचे नग सरासरीने निम्म्यापर्यंत कमी करता येतात, असं वाल्ड यांनी दाखवलं. युद्ध संपेपर्यंत ही पद्धत गुप्त ठेवली गेली. १९४७ मध्ये त्यांचं ‘सीक्वेन्शियल ॲनालिसिस’ हे पुस्तक आलं. कारखान्यातली गुणवत्ता तपासणी आणि नव्या औषधांच्या चाचण्या यांमध्ये हा विचार आजही वापरला जातो.

यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‘आधी’. दोन्ही रेषा चाचणी सुरू होण्याआधी आखायच्या. मधेच रेषा सरकवली की माणूस स्वतःलाच फसवतो.

हे आपल्या कामाला कसं येतं?

*गुंतवणूक* : मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १९८६ मध्ये तीस कंपन्या घेऊन सुरू झाला. त्यात पद्मिनी गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, ॲम्बेसेडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स होती. आज त्या यादीत नाहीत. ज्या कंपन्या मागे पडतात त्या काढल्या जातात आणि वाढणाऱ्या आत येतात. त्यामुळे आजची यादी पाहून तेव्हा यातल्या कुठल्याही कंपनीत पैसे टाकले असते तर, असा हिशेब करणं म्हणजे तळावर परतलेलीच विमानं मोजणं. म्युच्युअल फंडांचंही तेच. बंद पडलेल्या किंवा दुसऱ्या योजनेत विलीन केलेल्या योजना आजच्या परताव्याच्या तक्त्यात दिसत नाहीत, म्हणून तक्ता असतो त्यापेक्षा गोजिरा दिसतो. कुणी दहा वर्षांचा परतावा दाखवला तर दहा वर्षांपूर्वी किती योजना होत्या आणि त्यांतल्या आज किती आहेत, हे विचारायला हवं.

आणि थांबण्याची रेषा? शेअर घेतानाच कागदावर लिहून ठेवावं की कंपनीबाबत काय घडलं तर तो विकायचा. पडू लागल्यावर ठरवायला बसलं की घातलेल्या पैशांचा मोह बुद्धीवर स्वार होतो आणि रेषा रोज खाली सरकते.

*नेतृत्व* : कंपनीत समाधानाचा सर्व्हे घेतला आणि ९० टक्के लोक खूश निघाले, तर साहेब निर्धास्त होतात. पण जे नाखूश होते ते मागच्याच वर्षी राजीनामा देऊन गेले असतील, तर त्यांचं मत त्या सर्व्हेत कुठून येणार? दुकानदाराचंही तसंच. तक्रार करणारं गिऱ्हाईक हे परत आलेलं विमान आहे. ते निदान सांगायला तरी आलं. न बोलता समोरच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक कुठल्याच वहीत नसतं. म्हणून जाणाऱ्या माणसाला तो का जातोय हे विचारणं फार मोलाचं असतं.

*रोजचं जगणं* : पूर्वीची बांधकामं किती भक्कम असायची, असं जुना वाडा पाहून म्हटलं जातं. कच्ची बांधलेली घरं केव्हाच पडून गेली, उरले ते भक्कम वाडेच. आमच्या काळी गाडीत सीटबेल्ट नव्हता तरी काही झालं नाही, असं सांगणारे आजोबा खरंच बोलत असतात. ज्यांना काही झालं, ते सांगायला उरले नाहीत.

निलगिरीतली शेवटची फेरी

युद्धानंतर वाल्ड यांची कीर्ती जगभर झाली. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना सगळ्यात वाईट परिस्थितीतही नुकसान कमीत कमी कसं राहील, याचा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९५० मध्ये आलं. त्याच वर्षाच्या शेवटी भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी भारतात आले. स्वातंत्र्याला तीनच वर्षं झाली होती. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उभारलेली भारतीय संख्याशास्त्र संस्था जगात नाव कमावत होती आणि देशाला नियोजनासाठी या शास्त्राची गरज होती.

१३ डिसेंबर १९५० रोजी मुंबईहून दक्षिणेकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान निलगिरीच्या डोंगरात कोटागिरी परिसरात कोसळलं. त्यात अब्राहम आणि लुसिल वाल्ड दोघंही होते. कुणीही वाचलं नाही. ज्यांनी न परतलेल्या विमानांची दखल घ्यायला शिकवलं, त्यांचं स्वतःचं विमान परतलं नाही. ते अवघे ४८ वर्षांचे होते. दोन लहान मुलं मागे राहिली. त्यातले रॉबर्ट वाल्ड पुढे शिकागो विद्यापीठात सापेक्षता सिद्धांताचे नामवंत अभ्यासक झाले.

आता वाल्ड यांच्या आयुष्याकडे त्यांच्याच नजरेने पाहायला हवं. बेकरीवाल्याचा मुलगा, घरी शिकला, नोकरी नाकारली गेली, तरी जिद्दीने मोठा झाला, अशी यशोगाथा सहज लिहिता येईल. पण जिद्द आणि बुद्धी इतरांकडेही होती. आधुनिक गणितात ज्यांचं नाव ठिकठिकाणी येतं त्या फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी छळछावणीत नेलं जाण्याआधी, जानेवारी १९४२ मध्ये, पत्नीसह बॉन शहरात आत्महत्या केली. वाल्ड यांना व्हिएन्नात पोटाला लावणारे श्लेसिंजर १९३८ मध्येच गेले. वाल्ड यांच्या घरातल्या, कोलोझ्वारच्या गल्लीतल्या किती मुलांमध्ये काय होतं, हे आता कधीच कळणार नाही. वाल्ड यांच्याकडे गुण होते, आणि त्याबरोबर योग्य वेळी आलेलं एक निमंत्रण होतं.

याचा अर्थ मेहनत करू नये असा नाही. इंजिन चांगलं ठेवावंच लागतं. पण जिंकलेल्याचं कौतुक करताना त्याच्या यशात नशिबाचा वाटा किती, आणि हरलेल्याला नावं ठेवताना त्याच्याकडे काय कमी होतं की फक्त निमंत्रण आलं नाही, हे तपासायची सवय लागली तर निर्णय सुधारतात आणि माणसांबद्दलचं मतही जरा मऊ होतं. अभ्यासिकेच्या भिंतीवर टॉपरचं वेळापत्रक लावायला हरकत नाही. शेजारच्या खुर्चीवर दोन वर्षं बसून यंदा गावी परतलेल्या मुलालाही एकदा फोन करून विचारावं, त्याचं वेळापत्रक काय होतं.